कपिल पाह्यजे का इम्रान

नागभीड, १८ नोव्हेंबर १९९८

बिरजू,

मंडईच्या जत्रेतल्या मैदानावरून तू तसाच एसटीत बसलास, जेवायलाही थांबला नाहीस. आपानं तुझ्यासाठी काढून ठेवलेला रस्सा शेवटी मी खाल्ला आणि त्याबद्दल तिची बोलणीही मीच खाल्ली. दुल्हेभाई म्हणाले, "त्याच्या घरी धान कापून राह्यले, जाऊ दे त्याले." दुल्हेभाई बोलले की आपा गप्प होते. फार वेळ नाही, पण होते.

तुझं कार्ड आज मिळालं. 'आईले काई समजून नाई राह्यलं, सारं नीट लिहून धाड, वाचून दाखवतो' असं म्हणतोस. लिहितो. सोनीबाई, ऐका.

चंद्रपूरकडच्या एका सिमेंट कारखान्याला आपल्या क्रिकेट टीममध्ये एक ऑलराउंडर हवा होता. ऑलराउंडर म्हणजे बॅटिंगही करणारा आणि बॉलिंगही. मोसमात खेळायचं, एरवी कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करायचं, नोकरी पक्की. त्यांचे साहेब मंडईचा सामना पाहायला आले. त्यांना तुमचा बिरजू आवडला आणि मीही आवडलो. दोघांत डावं-उजवं करता येईना. ते आमच्या कॅप्टनला, म्हणजे आमच्या दुल्हेभाईंना, माझ्या बहिणीच्या नवऱ्याला, गफ्फारभाऊंना म्हणाले, "जागा एकच आहे. पोरं तुमची, तुम्हीच ठरवा." गफ्फारभाऊंची पंचाईत झाली. मला धाडलं तर लोक म्हणणार, साळ्याला चिकटवलं. बिरजूला धाडलं तर घरी माझी बहीण आहेच. म्हणून त्यांनी साऱ्या लोकांसमोर जोड लावली.

जोड तुमच्या गावातही लावतात. दोन सारख्या गड्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून बाजूला जायचं, गुपचूप नावं ठरवायची, एक आंबा, एक चिंच, आणि येऊन कॅप्टनला विचारायचं, आंबा पाह्यजे का चिंच? तो जे मागेल तो गडी त्याचा. कोण आंबा हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून कोणी रुसत नाही. आम्ही आंबा-चिंच न घेता क्रिकेटवाल्यांची नावं घेतली. बिरजू इम्रान झाला, मी कपिल. गफ्फारभाऊंनी कपिल मागितला. एवढंच झालं, सोनीबाई. यात कोणाचा दोष नाही.

पुढचं फक्त तुझ्यासाठी. मोहाच्या झाडामागं तू जे बोललास ते विसरून जा. आभारबिभार मानू नकोस आणि कुणाला सांगू तर अजिबात नकोस.

आता आपलं खरं काम. माझी ऑल टाइम वनडे इलेव्हन अजून अर्धीच झाली आहे. ओपनिंगला सचिन, यावर आपलं भांडण नाही. शारजाहनंतर भांडणारा उरलाच कोण? दुसऱ्या टोकाला तू हेन्स म्हणतोस, मी सईद अन्वर. हेन्स म्हणजे आपली एसटी, सावकाश जाईल पण पोचवील, मान्य. पण अन्वरनं चेन्नईत १९४ मारले तेव्हा लच्छूच्या टपरीवर तू उभ्या उभ्या चहा निवत ठेवला होतास हे मी पाहिलं आहे. तिसरा रिचर्ड्स. त्याच्यावर वाद घालायचाच नाही, कारण त्याला जोडच नाही. त्याच्या खांद्यावर हात टाकून झाडामागं जाईल असा दुसरा अजून झाला नाही. पाचव्या नंबरवर मी बेव्हन घेतला. तू तिथं जाँटी घेणार हे मला पाठ आहे. 'रन काढणारे लय भेटते, वाचवणारा एकच.'

सहावी जागा रिकामी ठेवली आहे. तिथं कपिल किंवा इम्रान. तू आधी लिही.

मला एक तारखेला कारखान्यात हजर व्हायचं आहे. नवा पत्ता मागे लिहिला आहे.

तुझा
मुजफ्फर


कारखाना कॉलनी, ९ डिसेंबर १९९८

बिरजू,

पत्र मिळालं. तुझ्या गावचा बुधू इकडं भट्टीवर कामाला लागला आहे, त्याच्या हाती धाडलेले पोहेही मिळाले. सोनीबाईंना सांग, नव्या धानाच्या पोह्यांचा वास खोलीभर सुटला होता. खाल्ले. फार चांगले होते.

इथं सगळं बरं आहे. मैदानावर हिरवळ आहे, म्हणजे डाइव्ह मारली तर कोपर सोलत नाही. तुला आवडलं असतं. सकाळी नेट, मग स्टोअर. स्टोअरमध्ये मला नटबोल्ट वेगळे करायला बसवलं आहे. दुल्हेभाईंच्या सायकलच्या दुकानात लहानपणापासून तेच केलं, त्यामुळं स्टोअरवाले खूश आहेत. बॉलिंग मात्र मनासारखी पडत नाही. साहेब परवा म्हणाले, "मंडईत तर तू वेगळाच दिसला होतास." मी म्हटलं, पाणी बदललं.

आता तुझ्या पत्राचं. तू लिहितोस, 'सहावा इम्रान. त्याचं कारण क्रिकेट नाई. नागभिडात कोणालेही इचारा, गफ्फारभाऊ इम्रानचा माणूस. म्हणजे जोडीत इम्रान हेच जितायचं नाव होतं. ते तू आपल्याकडं ठेवू शकत होता. तू मले देल्लं. भाऊनं कपिल मांगला हे माहं नशीब, पण तू देल्लं हे मी मरेपर्यंत इसरणार नाई.' आणि खाली सोनीबाईंचा निरोप, की ज्या पोरानं आपल्या ताटातलं दुसऱ्याला वाढलं त्याला पहिले पोहे.

बिरजू, असं लिहू नकोस. मी काही इतका मोठ्या मनाचा नाही. तू म्हणशील हा याचा विनय. तोही नाही. नावं काय, एकानं एक घ्यायचं, दुसऱ्यानं दुसरं. माझ्या तोंडून 'तू इम्रान घे' असं निघून गेलं. त्यावर तू झाडामागं माझा हात धरून उभा राहिलास आणि म्हणालास, "काऊन बे, तुले जायचं नाई का?" मी तेव्हाच काहीतरी बोलायला हवं होतं. तिकडं लोक हाका मारत होते, म्हणून राहून गेलं.

सहाव्या जागेबद्दल क्रिकेटचं कारण दे. ते नसेल तर तुझं मत बाद. कपिलनं झिम्बाब्वेविरुद्ध १७५ केले तेव्हा टीमची पाच बाद सतरा अशी अवस्था होती. इम्राननं ब्याण्णवला मोडक्या खांद्यानं टीम वर काढली. दोघंही बुडती नाव काढणारे. फरक करायचा तो कशावर? मला वाटतं, ज्याच्यासाठी बाकीचे दहा जण जीव टाकतील तो घ्यावा. असं पाहिलं तर आपल्या दोघांत साहेबांनी तुलाच न्यायला हवं होतं, पण साहेबांना कोण सांगणार?

धान किती झालं? लाखोळी पेरली का?

तुझा
मुजफ्फर


कारखाना कॉलनी, २ जानेवारी १९९९

बिरजू,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग बुधूला शोधत भट्टीवर गेलो. तो म्हणाला, खरं आहे, बिरजूनं पोलिस भरतीचा अर्ज भरला, फेब्रुवारीत गडचिरोलीला धावायला जाणार. मी म्हटलं, सोनीबाई काय म्हणतात? तो म्हणाला, "बुढीनं चूल पेटवणं सोडलं. भाऊबंद आणून देते, तेही तसंच राह्यते."

तू मोठ्या ऐटीत लिहिलंस, 'फॅक्टरी गेली त खाकी सही.' अरे, खाकीची थट्टा मला सांगू नकोस. मागच्या वर्षी भरती होती तेव्हा तूच म्हणाला होतास की पोलिसात गेलेल्या पोराला आमच्या बाजूला सणालाही घरी येता येत नाही. जंगलातली माणसं त्याच्या आईला विचारत येतात, पोरगा कुठी आहे. तेव्हा तू अर्ज फाडला होतास. आता फाडत नाहीस, कारण आता तुझ्यापुढं दुसरं काही उरलं नाही. हे मला समजत नाही असं समजू नकोस.

रमजान चालू आहे. दिवसभर तोंडात पाणी नाही आणि संध्याकाळी खजूर हातात घेतला की तो तसाच परत ठेवून देतो. माझ्या खोलीतला मलयाळी पोरगा म्हणतो, डॉक्टरला दाखव. पोह्यांचं मी तुला खोटं लिहिलं होतं. ते मी खाल्ले नाहीत. त्या पोराला आणि बाकीच्यांना वाटून टाकले. सोनीबाईंनी ज्याच्यासाठी बांधले तो माणूस इथं नव्हता.

एक विचारतो. तुला ब्रह्मपुरीची मॅच आठवते? चेंडू तुझ्या बॅटीला पुसटसा लागून कीपरकडं गेला. अंपायरला ऐकू आलं नाही, कीपरलाही खात्री नव्हती, आणि तू बॅट काखेत मारून चालू पडलास. आपण हरलो. दुल्हेभाई तुझ्यावर किती पेटले होते. "अंपायरनं बोट काढलं नाई त तू काऊन निंगाला?" तू म्हणालास, "भाऊ, मले त लागलं ना." पुढं कितीतरी दिवस मी तुझी टिंगल केली. आता रोज नेटमध्ये बॅट धरली की तेच आठवतं. ऑल टाइम इलेव्हन करताना आपण रन मोजतो, विकेटी मोजतो, पण अंपायरच्या आधी चालू पडणारे किती हे कोणी पाहत नाही. मी कधीच चाललो नाही. तुला माहीत आहे.

तर ऐक. गफ्फारभाऊ इम्रानचे हे लोक म्हणतात. घरातल्या माणसाला जरा वेगळं ठाऊक असतं. त्यांना कपिल आवडतो. त्र्याऐंशीचा रेडिओ त्यांनी अजून जपून ठेवला आहे. म्हणजे ते कदाचित कपिल म्हणतील असं मला वाटलं होतं. कदाचित. खात्री नव्हती.

हे वाचून तुला राग आला असेल तर तसं स्पष्ट लिही. आणि तो अर्ज मागे घे. दुसरी एखादी नोकरी मिळेपर्यंत दुल्हेभाईंच्या दुकानात ये. माझी जागा रिकामीच आहे.

मुजफ्फर


नागभीड, २१ जानेवारी १९९९

बिरजू,

काल ईद झाली. मी दोन दिवसांची रजा काढून घरी आलो आहे.

तुझं कार्ड इथं येऊन पडलं होतं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तू लिहिलंस, 'तुले वाटलं असन त वाटलं असन. मनात त माणसाच्या सारंच येते. तू मुद्दाम करणारा नाई, मी तुले पोट्टेपणापासून पाहून राह्यलो.' हे वाचून मी संडासात जाऊन रडलो, कारण घरात पाहुणे होते. तू मला चार शिव्या दिल्या असत्यास तर कदाचित मी अजूनही गप्प बसलो असतो.

मुद्दामच केलं, बिरजू. 'कदाचित' वगैरे सगळं खोटं आहे. ते कपिल म्हणणार याची मला पूर्ण खात्री होती, आणि तेही ते कपिलचे भक्त आहेत म्हणून नाही.

दुल्हेभाई इम्रानचेच आहेत. लोक म्हणतात ते खरं आहे. ब्याण्णवला इम्राननं कप उचलला त्या फोटोचं पान त्यांनी दुकानात चिकटवलं होतं. मी तेव्हा शाळेत होतो, पंक्चर काढायला बसायचो. एका गिऱ्हाइकानं हवा भरता भरता नुसतं विचारलं, "भाऊ, हे इथी काऊन?" रागानं नाही, हसून. दुल्हेभाईही हसले. संध्याकाळी त्यांनी ते पान नखानं हळूहळू सोडवून घरी आणलं आणि कपाटाच्या दाराला आतून लावलं. दुकानात कपिल आला. तेव्हापासून लोक टपरीवर त्यांना डिवचतात, 'गफ्फारभाऊ, तुमचा इम्रान काय म्हणते?' आणि ते दर वेळी म्हणतात, "आपला त कपिल." घरी इलेव्हन काढायला बसले की कॅप्टन इम्रान. बाहेर कपिल. आम्ही घरात कोणी यावर कधी बोलत नाही. आपाही नाही.

मंडईत मैदानाभोवती सारं नागभीड उभं होतं. तेवढ्या लोकांसमोर 'इम्रान पाह्यजे' हे शब्द त्यांच्या तोंडून निघणार नाहीत हे मला माहीत होतं. तुला माहीत नव्हतं. तुला कसं असणार? तुला कोणी कधी टपरीवर उभं करून तू कोणाच्या बाजूचा असं विचारलं नाही. नावं क्रिकेटवाल्यांची घेऊ हे मीच सुचवलं. तू खूश झालास, कारण आपली इलेव्हन तुझ्या डोक्यात. मग मी म्हटलं, तू इम्रान घे. तुला वाटलं मी माझं ताट तुझ्यापुढं सरकवलं. तू माझा हात धरलास. मी धरू दिला.

काल हे मी दुल्हेभाईंना सांगितलं. पाहुणे गेले होते, आपा शीरखुर्म्याच्या वाट्या उचलत होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, तुला मराठीत लिहितो. ते म्हणाले, "म्हणजे तुले मालूम होतं, मी लोकाइसमोर इम्रान म्हणू शकत नाई."

मी हो म्हटलं.

"म्हणून तू बिरजूले इम्रान केलं."

मी पुन्हा हो म्हटलं. मला वाटलं, मारतील. ते उठून कपाटापाशी गेले, पण कपाट उघडलं नाही. पाठ माझ्याकडं करूनच म्हणाले, "मैदानावर तुमी आले ना, कपिल पाह्यजे का इम्रान म्हणून, तवा माह्या तोंडात इम्रानच आला होता. इथपर्यंत आला होता. मंग लोकं दिसली. मले वाटलं, माह्या मनात काय चालून राह्यलं हे एकट्या मलेच मालूम. मले काय मालूम, माह्या घरचा गडी तेच धरून बसला आहे." मग म्हणाले, "दुसऱ्या कोणी केलं असतं त मी समजलो असतो. तुले त ते भेव मालूम आहे. तुह्या पोटातही तेच आहे. अन तू त्याच्यावर पाय देऊन चढला."

आपानं वाट्या तशाच खाली ठेवल्या. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. आज सकाळपासून ती मला जेवायला वाढते आहे आणि बोलत नाही. तिला बोलू नकोस म्हणून कोणी सांगितलेलं नाही.

मी दुल्हेभाईंना म्हटलं, मी नोकरी सोडतो, साहेबांना सांगतो. ते म्हणाले, "तू सोडली त साहेब बिरजूलेच घेईन कायले? दुसऱ्या गावचा उचलन. जोड मी लावली. मी पाहतो."

ते काय पाहणार मला माहीत नाही. तू भरतीचं थांबव. तुझ्यापुढं हात जोडतो.

मुजफ्फर


नागभीड, २४ जानेवारी १९९९, रविवार

बिरजू,

हे पत्र दुल्हेभाई स्वतः घेऊन येत आहेत. उद्या पहाटेच्या एसटीनं वडसा, तिथून कुरखेडा, तिथून तुझ्या गावापर्यंत पायी. ते तुला जे सांगतील त्याच्या आधी हे वाच, कारण ते तुला अर्धंच सांगणार आहेत.

शुक्रवारी त्यांनी एसटीडी बूथवरून साहेबांना फोन लावला. मी बाहेर काचेपाशी उभा होतो. ते म्हणाले, निवड चुकली, कॅप्टन म्हणून मी चुकलो, मला बिरजू कुमरे पाठवायचा होता. साहेबांनी आधी त्यांना झापलं. ही काय भाजी मंडई आहे का, वगैरे. मग विचारलं, "ब्रह्मपुरीला स्वतःहून आउट झाला तोच का तो?" कोणीतरी त्यांना ती गोष्ट सांगितली होती. शेवटी म्हणाले, एक फेब्रुवारीला सोमवारी पाठवा, नेटमध्ये बघतो, चांगला वाटला तर घेतो. तुमच्या पहिल्या पोराची बॉलिंग तशीही मला काही कामाची दिसत नाही. हे वाक्य दुल्हेभाईंनी मला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, पण त्यांनी सांगितलं.

मला वाटलं, झालं, इथं मिटलं. मी म्हटलंही, आता लोकांना कशाला कळवायचं? ते म्हणाले, "जोड लोकाइसमोर लागली होती. मोडायची त त्याइच्यासमोरच."

आज सकाळी ते लच्छूच्या टपरीवर गेले आणि मला सोबत नेलं. रविवार असल्यामुळं बाक भरले होते. पाकिस्तानची टीम भारतात आली आहे, दिल्लीत पीच उकरल्याची गोष्ट अजून सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि पेपर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता. हा काही ती गोष्ट काढण्याचा दिवस नव्हता. मी त्यांचा शर्ट मागून ओढला. त्यांनी माझा हात झटकला, चहाचा ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "मंडईत म्या जोड लावली, तवा तुमी सारे होते. मी कपिल मांगला. ते खोटं होतं. मले इम्रान पाह्यजे होता."

लच्छूनं स्टोव्हचा आवाज कमी केला. मग बाकावरून एक जण म्हणाला, "म्हणजे लोकं म्हणे ते खरंच होतं त."

"हो," दुल्हेभाई म्हणाले. "माह्या टीमचा कॅप्टन इम्रान. कपिल त्याच्या हाताखाली खेळन, अन दोघं मिळून कोणालेही हरवन. ज्याले पटत नाई त्यानं आपली टीम करावी, मी भांडाले येत नाई. पण त्या दिवशी जो पोरगा इम्रान होता, तो माह्या वाट्याचा आहे. लोकाइले भेऊन म्या त्याचं नाव घेतलं नाई. आता घेऊन राह्यलो."

बोलताना त्यांनी हात मागे बांधले होते, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरून. मी त्यांच्या मागेच होतो, मला दिसत होतं. एक जण पेपर घडी करून उठून गेला. एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, ब्याण्णवचा इम्रान मलेही आवडे, पण मी काई बोललो नाई." लच्छूनं विचारलं, "चहा निवला भाऊ, दुसरा देऊ का?" आणि त्यांनी दुसरा घेतला. दुपारी रोज हवा भरायला येणारे दोघं आज पुढच्या दुकानात गेले. दुल्हेभाईंनी पाहिलं आणि चेनला तेल घालत राहिले.

तर तुला मागितलं आहे, बिरजू. कॅप्टननं, साऱ्या नागभिडासमोर. भरतीचं रद्द कर, बूट घे आणि त्यांच्यासोबत नीघ. साहेब तुझी बॉलिंग पाहतील तेव्हा मी तिथं नसेन. मी राजीनामा टपालानं धाडून दिला आहे.

दुल्हेभाई तुझ्या घरी बसतील, सोनीबाईंपुढं हात जोडतील आणि म्हणतील, चूक माझी, मी लोकांना भ्यालो. माझ्याबद्दल ते एक शब्द काढणार नाहीत. इथंही त्यांनी तेच केलं. टपरीवरच्या कोणाला अजून माहीत नाही की नावं मी वाटली होती. गफ्फार भ्याला एवढंच सगळ्यांना कळलं. ते बोलत होते तेव्हा मी अर्ध्या हातावर होतो. पुढं होऊन एक वाक्य म्हणायचं होतं. मी बाकाच्या लाकडाकडं पाहत राहिलो. आम्ही परत निघालो तेव्हा त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि मला त्याचं बरं वाटलं. हे बरं वाटणंच मला सहन होत नाही.

माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील आणि मी लगेच घेऊन टाकीन. तू घरी सगळं सांग, जसं आहे तसं. आईला मला शिव्या द्यायच्या असतील तर देऊ दे, थांबवू नकोस.

संध्याकाळचे पाच वाजले आहेत. सामन्याच्या गप्पा मारायला सकाळची सगळी माणसं या वेळी पुन्हा टपरीवर जमतात. हे पाकीट चिकटवून दुल्हेभाईंच्या हातात देतो, म्हणजे मला परत घेता येणार नाही. मग मी तिकडं जातो. त्यांना सोबत नेणार नाही.

मुजफ्फर